संदेश देणारी प्रथिनं पेशीपटलाला का चिकटतात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पेशीजीवशास्त्र शिकवताना हा धडा आला की दर वर्षी वर्गात ठरावीक प्रश्न येतात. अलीकडे त्यांत आणखी एका प्रकारच्या प्रश्नांची भर पडली आहे: घरातल्या कुणाच्या तरी बायॉप्सीचा रिपोर्ट हातात धरून विचारलेल्या प्रश्नांची. दोन्ही इथे एकत्र दिले आहेत.

पेशीपटल म्हणजे पेशीची भिंत ना? भिंतीचा निरोप पोचवण्याशी काय संबंध?

'भिंत' हा शब्द आधी बाजूला ठेवू. पेशीभित्तिका वनस्पतींना असते, ती वेगळी. पटल म्हणजे मेदाच्या रेणूंचा दुहेरी थर, जाडीला जेमतेम ५ नॅनोमीटर. डोक्यावरचा केस साधारण ८०,००० नॅनोमीटर जाड असतो, म्हणजे एका केसाच्या जाडीत असे सोळा हजार थर मावतील. प्रत्येक मेदरेणूला पाण्यात रमणारं एक डोकं आणि पाण्याचं वावडं असलेल्या दोन शेपट्या असतात. शेपट्या आतल्या बाजूला एकमेकींना बिलगतात, डोकी दोन्हीकडच्या पाण्यात राहतात. थर दुहेरी आहे हे गॉर्टर आणि ग्रेंडेल या डच संशोधकांनी १९२५ मध्ये तांबड्या रक्तपेशींवरून मांडलं. पेशींतला मेद काढून पाण्यावर पसरला, तेव्हा त्यानं पेशींच्या पृष्ठभागाच्या दुप्पट जागा व्यापली होती.

आणि हा थर वाहता आहे. रश्शावर तेलाचा तवंग आला की चमच्यानं जरा ढकलला तरी सरकतो, तसा. पटलातला एक मेदरेणू सेकंदाभरात साधारण २ मायक्रोमीटर भटकतो, म्हणजे एका जिवाणूच्या लांबीइतका. सिंगर आणि निकोल्सन यांनी १९७२ मध्ये जे चित्र मांडलं आणि आज प्रत्येक पाठ्यपुस्तकात आहे, ते हेच: मेदाच्या वाहत्या थरात तरंगणारी प्रथिनं. बाहेरून आलेला निरोप पहिल्यांदा पोचतो तो याच थराशी, आणि पुढची बरीचशी कामंही याच थराच्या आतल्या पृष्ठभागावर होतात.

संदेशवहनाची सगळीच प्रथिनं पटलात असतात का?

नाही. काही पटलाच्या आरपार गेलेली असतात, उदाहरणार्थ इन्सुलिनचा किंवा अॅड्रेनॅलिनचा रिसेप्टर, म्हणजे बाहेरचा निरोप पकडणारं प्रथिन. काही आतल्या बाजूनं मेदाच्या आकड्यानं लटकलेली असतात: रास, सार्क, जी-प्रथिनं. तिसऱ्या प्रकारची एरवी पेशीद्रव्यात फिरत असतात आणि बोलावणं आलं की तेवढ्यापुरती पटलावर येतात: एकेटी, प्रोटीन कायनेज सी. रिसेप्टरबद्दल मराठीतही बरंच वाचायला मिळतं, म्हणून इथे भर दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकारावर दिला आहे.

पटलावर आल्यानं असं काय साधतं? प्रथिन तर तेच राहतं.

या पानावरचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हा आहे. पुष्कळदा प्रथिनाची ताकद वाढलेली नसते, त्याची जागा बदललेली असते. आणि तेवढं पुरतं.

साधा हिशोब करू. २० मायक्रोमीटर व्यासाची गोल पेशी घ्या. तिचं घनफळ होतं सुमारे ४,२०० घन मायक्रोमीटर. आता एखादं प्रथिन या सगळ्या जागेत भटकत न राहता पटलाखालच्या १० नॅनोमीटरच्या पापुद्र्यात येऊन थांबलं, तर त्या पापुद्र्याचं घनफळ जेमतेम १२.५ घन मायक्रोमीटर. रेणू तेवढेच, पण दाटी जवळजवळ ३३० पट. ज्या दोन प्रथिनांची गाठ पडणं दुर्मीळ होतं, ती आता सतत एकमेकांवर आदळतात. जत्रेत चुकामूक झाली तर आख्खं मैदान पालथं घालण्यापेक्षा 'दीपमाळेपाशी भेटू' असं आधीच ठरवलेलं बरं असतं ना, तसंच. शिवाय पटलावर बसलेलं प्रथिन कसंही लोळत नाही. त्याचं तोंड ठरावीक दिशेला असतं, त्यामुळे भेट झाली की ती कामाची होते.

याचा सरळ पुरावा १९९४ मध्ये मिळाला. रास हे प्रथिन राफ नावाच्या दुसऱ्या प्रथिनाला पटलावर बोलावतं आणि तिथून पेशीविभाजनाचा निरोप पुढे जातो, एवढं कळलेलं होतं. संशोधकांनी रासची पटलाला चिकटणारी शेपटी कापून थेट राफला जोडली. राफ आपसूक पटलावर जाऊन बसलं आणि रासची मदत न घेता कामाला लागलं. म्हणजे रास राफसाठी जे करतं त्यातला मोठा वाटा त्याला योग्य जागी आणण्याचाच आहे.

प्रथिनं पाण्यात तयार होतात. मग त्यांना तेलकट शेपटी कुठून मिळते?

ती नंतर जोडली जाते. रासचंच उदाहरण घेऊ, कारण त्याचा अभ्यास सगळ्यात बारकाईनं झाला आहे.

रास हे छोटं प्रथिन आहे, जेमतेम १८८-१८९ अमिनो आम्लांचं. त्याच्या अगदी शेवटच्या चार अमिनो आम्लांत एक खूण असते: आधी सिस्टीन, मग बहुधा दोन तेलकट स्वभावाची, मग आणखी एक. फार्नेसिल ट्रान्सफरेज हे विकर ही खूण ओळखतं आणि त्या सिस्टीनवर १५ कार्बनची फार्नेसिल साखळी चढवतं. मग दुसरं विकर सिस्टीनच्या पुढची तिन्ही अमिनो आम्लं छाटून टाकतं, तिसरं उघड्या पडलेल्या टोकावर मिथिल गट बसवून त्याचा ऋण भार झाकतं. इतका खटाटोप कशासाठी? टोक जितकं तेलकट, तितकं ते पटलात रुतणार.

तरी एवढ्यानं भागत नाही. एका खिळ्यावर टांगलेली फळी गरगर फिरते, दुसरा खिळा ठोकला की बसते. फार्नेसिलची पकड एकटी कच्ची आहे, म्हणून रासचा प्रत्येक प्रकार आपला दुसरा खिळा बाळगून असतो. एच-रासवर १६ कार्बनच्या पामिटेटच्या दोन साखळ्या चढतात, एन-रासवर एक. के-रासच्या मुख्य प्रकारात पामिटेट नसतंच. त्याऐवजी शेपटीजवळ लायसीन या अमिनो आम्लाची रांग असते. लायसीनवर धन भार असतो, पटलाची आतली बाजू ऋण भाराची असते, आणि ती ओढ पुरेशी ठरते. सार्क या प्रथिनाची रीतही अशीच: १४ कार्बनची मिरिस्टेट साखळी आणि तिच्या शेजारी धन भाराची अमिनो आम्लं.

पामिटेटची गंमत अशी की ते काढता येतं. काढलं की प्रथिन सुटतं, गॉल्जीपाशी (पेशीत प्रथिनांची वाटणी करणाऱ्या भागापाशी) पुन्हा पामिटेट चढतं आणि वाहतुकीबरोबर परत पटलावर येतं. हा फेरा अखंड चालू असतो. फार्नेसिल मात्र एकदा चढलं की प्रथिनाच्या आयुष्यभर राहतं.

पटलाची आतली बाजूच ऋण भाराची का?

कारण पेशी ती तशी राखते, आणि त्यासाठी एटीपी, म्हणजे पेशीचं ऊर्जेचं चलन, खर्च करते. फॉस्फॅटिडिलसेरीन हा ऋण भाराचा मेद चुकून बाहेरच्या थरात गेला तर फ्लिपेज नावाची प्रथिनं त्याला उचलून आत आणतात. पेशी मरणपंथाला लागली की ही शिस्त मोडते, फॉस्फॅटिडिलसेरीन बाहेर दिसू लागतं आणि भक्षकपेशींना खूण पटते की ही आता गिळायची. प्रयोगशाळेत मरणाऱ्या पेशी मोजायला अॅनेक्सिन-५ वापरतात ते याच खुणेवर. अॅनेक्सिन-५ कॅल्शियमच्या साहाय्यानं फॉस्फॅटिडिलसेरीनला चिकटतं.

याचा रक्त पातळ करणाऱ्या गोळीशी संबंध आहे असं ऐकलं. खरं का?

वॉर्फरिनबद्दल खरं आहे. रक्त गोठवणारे घटक संदेशवहनाची प्रथिनं नव्हेत, पण त्यांची युक्ती याच घराण्यातली आहे. जखम झाली की चेतलेल्या रक्तबिंबिका आपलं फॉस्फॅटिडिलसेरीन बाहेरच्या बाजूला आणतात, आणि २, ७, ९ आणि १० क्रमांकाचे घटक कॅल्शियमचा पूल करून त्यावर जमतात. कॅल्शियम धरायला त्यांच्या ग्लुटामिक आम्लावर एक जादा कार्बॉक्सिल गट लागतो, आणि तो बसवायला के जीवनसत्त्व लागतं (आपल्या वर्णमालेतलं 'क' जीवनसत्त्व नव्हे, ते वेगळं). वॉर्फरिन या के जीवनसत्त्वाचा पुनर्वापर अडवतं. घटक तयार होतात, पण त्यांना पटल धरता येत नाही. म्हणूनच वॉर्फरिन घेणाऱ्यांना डॉक्टर पालक-मेथी एकदम वाढवू नका आणि एकदम बंदही करू नका असं सांगतात.

एकेटीसारख्या प्रथिनांना पटलावर कधी यायचं हे कसं कळतं?

पटलावरचा एक मेद बदलतो. तोच त्यांचा सांगावा.

आतल्या थरात फॉस्फॅटिडिलइनॉसिटॉल नावाचे मेद थोड्या प्रमाणात असतात. त्यांच्या डोक्याला सहा कार्बनचं कडं असतं आणि त्या कड्यावर ठरावीक जागी फॉस्फेट लावता-काढता येतं. दोन जागी फॉस्फेट असलेला पीआयपी-२ पटलाच्या एकूण मेदात सुमारे एक टक्का असतो. इन्सुलिन रिसेप्टरला येऊन भिडलं की पीआय-३-कायनेज हे विकर पटलाशी येतं आणि पीआयपी-२ च्या कड्यावर तिसऱ्या जागी आणखी एक फॉस्फेट चढवतं. झाला पीआयपी-३. एकेटीच्या एका टोकाला पीएच डोमेन नावाची घडी असते. तिच्या खोबणीत पीआयपी-३ चं डोकं नेमकं बसतं. एकेटी पटलावर येतं, तिथे तशाच घडीनं आलेलं पीडीके-१ त्याला भेटतं आणि चेतवतं. पुढे स्नायू आणि मेदपेशींत ग्लुकोज आत घेणारी ग्लुट-४ ही वाहक प्रथिनं पृष्ठभागावर येतात. जेवणानंतर रक्तातली साखर उतरते त्यात या साखळीचा मोठा हात आहे, आणि इन्सुलिनला पेशी दाद देईनाशा होतात तेव्हा हीच साखळी क्षीण झालेली असते.

निरोप पुसणाराही लागतो. ते काम पीटेन करतं: तिसऱ्या जागेवरचं फॉस्फेट काढून पीआयपी-३ चा पुन्हा पीआयपी-२ करतं. पीटेनचं जनुक १९९७ मध्ये सापडलं ते कर्करोगाच्या शोधात, कारण अनेक गाठींत ते हरवलेलं असतं. हे प्रथिन मेदावरचं फॉस्फेट काढतं हे पुढच्याच वर्षी कळलं. पुसणारा नाही, म्हणून निरोप तसाच राहतो आणि पेशी थांबत नाही.

पटलातले मेदच निरोप वाहतात हे पहिल्यांदा कुणाच्या लक्षात आलं?

मेबल आणि लोवेल होकिन या दांपत्याच्या. १९५३ मध्ये त्यांनी स्वादुपिंडाच्या तुकड्यांना अॅसिटाइलकोलिन हा मज्जातंतूंचा निरोप वाहणारा रेणू दिला आणि पाहिलं की किरणोत्सारी फॉस्फेट पटलाच्या मेदांत भराभर शिरतंय. याचा अर्थ लागायला पुढे बरीच वर्षं गेली. मिचेल यांनी १९७५ मध्ये या मेदांचा कॅल्शियमशी संबंध जोडला. बेरिज यांच्या गटानं १९८३ मध्ये दाखवलं की पीआयपी-२ चिरला की त्याचं डोकं सुटून आतल्या साठ्यातलं कॅल्शियम मोकळं करतं. उरलेला तेलकट भाग, म्हणजे डायअॅसिलग्लिसरॉल, पटलातच राहतो. तो प्रोटीन कायनेज सी या विकराला पटलावर धरून ठेवतो. हे विकर जपानमध्ये निशिझुका यांनी १९७७ मध्ये शोधलं होतं.

इथे आपल्या ओळखीचं एक झाड येतं: जमालगोटा. त्याच्या बियांच्या तेलातले फॉर्बॉल एस्टर हे रेणू डायअॅसिलग्लिसरॉलच्याच खोबणीत जाऊन बसतात. १९८२ मध्ये कळलं की प्रोटीन कायनेज सी हेच त्यांचं लक्ष्य. डायअॅसिलग्लिसरॉल पेशी लगेच मोडून टाकते, फॉर्बॉल एस्टर तसे सहजी मोडत नाहीत, त्यामुळे विकर पटलावर अडकून राहतं आणि काम थांबतच नाही. हे तेल कातडीची आग करतं, आणि आधीच बिघाड झालेल्या पेशींतून उंदरांच्या कातडीवर गाठी उठवतं, त्यामागे हेच आहे. जमालगोट्याचा रेच म्हणून घरगुती प्रयोग कृपा करून करू नका. वैद्यसुद्धा शोधन केल्याशिवाय त्याला हात लावत नाहीत.

वडिलांच्या रिपोर्टमध्ये 'केआरएएस म्युटेशन' लिहिलंय. त्याचा या सगळ्याशी काय संबंध?

के-रास या प्रथिनाचं जनुक ते हेच. रास हा एक खटका आहे. जीटीपी हा तीन फॉस्फेटांचा छोटा रेणू धरलेला असला की चालू, एक फॉस्फेट गळून त्याचं जीडीपी झालं की बंद. बाराव्या जागेवर ग्लायसीन हे सगळ्यात लहान अमिनो आम्ल असतं. तिथे दुसरं जवळपास कोणतंही मोठं अमिनो आम्ल आलं की जीटीपीचं जीडीपी होणं अडतं आणि खटका चालूच राहतो. स्वादुपिंडाच्या नेहमीच्या कर्करोगात सुमारे ९० टक्के रुग्णांत के-रासच्या जनुकात बिघाड दिसतो, मोठ्या आतड्याच्या कर्करोगात सुमारे ४० टक्क्यांत.

आतड्याच्या पसरलेल्या कर्करोगात ही तपासणी करतात याचं कारण व्यवहाराचं आहे. सेटुक्सिमॅब किंवा पॅनिटुमुमॅब ही औषधं बाहेरचा रिसेप्टर बंद करतात. पण रासचा खटका रिसेप्टरच्या खाली आहे. तोच चालू राहिला असेल तर वरचं दार लावून उपयोग होत नाही. म्हणून अशा रुग्णांना ही औषधं एकटी सहसा देत नाहीत.

रिपोर्टमध्ये नेमकं उत्परिवर्तन कोणतं लिहिलंय हेही बघा. जी-१२-सी, म्हणजे ग्लायसीनच्या जागी सिस्टीन, असेल तर त्या सिस्टीनलाच कायमचं चिकटणारं औषध आता आहे. अमेरिकेत शोकाट यांच्या गटाला २०१३ मध्ये रासवर औषध बसेल अशी खोबण सापडली आणि सोटोरासिबला तिथल्या एफडीएनं फुप्फुसाच्या कर्करोगासाठी मे २०२१ मध्ये मान्यता दिली. वडिलांना यातलं काय लागू पडतं हे त्यांच्या ऑन्कॉलॉजिस्टनाच विचारा. हा प्रश्न विचारायला अजिबात संकोच करू नका.

खटका बंद होत नसेल तर रासचा पटलावरचा आकडाच का तोडत नाहीत?

हा विचार १९९० च्या दशकात अनेक कंपन्यांनी आणि विद्यापीठांनी जिवापाड लावून धरला होता. तर्क बिनतोड होता. बिघडलेल्या रासलाही पटल लागतंच, फार्नेसिल चढवणारं विकर बंद केलं की रास पेशीद्रव्यात तरंगत राहील आणि निरुपद्रवी होईल. औषधं तयार झाली, उंदरांतल्या गाठी आटल्या. पण त्यातले बरेच प्रयोग एच-रासवर झाले होते. माणसाच्या कर्करोगात मुख्य गुन्हेगार आहे के-रास, आणि फार्नेसिल मिळालं नाही तर के-रास शेजारच्या विकराकडून २० कार्बनची जेरॅनिलजेरॅनिल साखळी घेतं. एक आकडा काढून घेतला तर दुसरा लावून ते पुन्हा पटलावर हजर. स्वादुपिंडाच्या कर्करोगाच्या रुग्णांवरच्या चाचण्यांत या औषधांचा फायदा दिसला नाही.

मला या गोष्टीचा पुढचा भाग फार मोलाचा वाटतो. प्रोजेरिया नावाचा अतिशय दुर्मीळ आजार आहे, त्यात मुलं कोवळ्या वयात म्हातारी दिसू लागतात आणि बहुतेकांचा मृत्यू किशोरवयातच हृदयविकारानं किंवा पक्षाघातानं होतो. त्यांच्या पेशींत लॅमिन-ए हे केंद्रकाच्या आवरणाचं प्रथिन बिघडलेलं असतं. एरवी लॅमिन-ए वर फार्नेसिल चढतं आणि मग ते टोक कापून टाकलं जातं. या मुलांत कापण्याची जागाच गहाळ असते. फार्नेसिल तसंच राहतं, प्रथिन केंद्रकाच्या पटलाला कायमचं चिकटतं आणि केंद्रक वेडंवाकडं होतं. कर्करोगासाठी तयार झालेलं आणि तिथे अपुरं पडलेलं लोनाफार्निब या मुलांना देऊन पाहिलं गेलं. त्यांचं आयुष्य वाढलं. नोव्हेंबर २०२० मध्ये प्रोजेरियाचं पहिलं औषध म्हणून एफडीएनं त्याला मान्यता दिली.

फार्नेसिल ज्या मार्गानं तयार होतं त्याच मार्गानं कोलेस्टेरॉलही. मग स्टॅटिन घेतलं तर रास थांबेल का?

मार्ग एकच आहे हे बरोबर. काचेच्या बशीत वाढवलेल्या पेशींवर भरपूर स्टॅटिन टाकलं तर परिणाम दिसतोही. पण कोलेस्टेरॉलसाठी घेतल्या जाणाऱ्या मात्रेवर कर्करोगाचा उपचार म्हणून भिस्त ठेवता येत नाही. डॉक्टरांनी हृदयासाठी दिलं असेल तर घ्या, रासच्या आशेनं स्वतःहून सुरू करू नका.

भारतात यावर काम होतं का?

होतं, आणि पहिल्या प्रतीचं. बंगळुरूच्या एनसीबीएस या जीवशास्त्राच्या संशोधन संस्थेत सत्यजित मेयर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की पटलाच्या बाहेरच्या बाजूला मेदाच्या आकड्यानं लटकणारी काही प्रथिनं मोजक्या रेणूंच्या चिमुकल्या पुंजक्यांत राहतात, आणि ते पुंजके बांधण्यात आतल्या अॅक्टिनच्या, म्हणजे पेशीच्या सांगाड्यातल्या, धाग्यांचा हात असतो. त्याच संस्थेत रघु पडिंजत फळमाशीच्या डोळ्यात इनॉसिटॉल मेदांचा अभ्यास करतात. पुण्याच्या आयसरमध्ये थॉमस पुकाडयिल यांच्या प्रयोगशाळेत कृत्रिम पटलाच्या बारीक नळ्या तयार करून डायनामिनसारखी प्रथिनं ती कशी कापतात हे पाहतात. डायनामिनही पटलाला धरतं ते पीएच डोमेननंच.

हे सगळं कुणी डोळ्यांनी पाहिलंय का?

हो, आणि पाहायला मिळालं तर संधी सोडू नका. पीएच डोमेनला जेलीफिशचं हिरवं चमकणारं प्रथिन जोडतात आणि ते पेशीत घालतात. कॉन्फोकल सूक्ष्मदर्शकाखाली मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा पडद्यावर एक फिकट हिरवा डाग होता, कडेपासून कडेपर्यंत एकसारखा. बशीत वाढघटकाचा थेंब पडला. अर्ध्या मिनिटात मधला हिरवा रंग विरळ होऊ लागला आणि पेशीच्या काठानं एक रेघ उमटली, बारीक, मग ठळक, शेवटी पुरं कडं. पेशीत नवं काहीही तयार झालेलं नव्हतं, होतं तेच कडेला गेलं होतं. नंतर वॉर्टमॅनिन घातलं, ते पीआय-३-कायनेजला बंद करतं. काही मिनिटांत कडं विरघळलं आणि हिरवा रंग पुन्हा पेशीभर पसरला.